ओझं उतरवणारं क्रियापद

१

गणपतीच्या सुट्ट्या संपल्या, कॉलेज उघडलं, आणि पहिल्याच सकाळी कळलं की सोन्याचं मेडल जागेवर नाही.

बारावीत इंग्रजीत पहिल्या येणाऱ्याला अकोल्याच्या या कॉलेजात दर वर्षी सोन्याचं मेडल देतात. यंदाचं सराफाकडून नुकतंच घडवून आलं होतं. एका अंगाला वीणा घेतलेली सरस्वती, दुसरं अंग कोरं, कारण नाव समारंभाच्या आधी कोरायचं होतं. वर फीत ओवायला कडी. निळ्या मखमली डबीत बसून ते संस्थेचे अध्यक्ष चिंतामणराव यांच्या खोलीत आलं, आणि तिथून पुढं कुठं गेलं ते कुणालाच सांगता येईना.

चिंतामणरावांचं म्हणणं सरळ होतं. सुट्टी लागण्याच्या दिवशी डबी त्यांनी टेबलावर ठेवली आणि निघताना ऑफिसातल्या दीक्षाला सांगितलं की ती कपाटात ठेव. दीक्षाचं म्हणणंही तेवढंच सरळ होतं. ती खोलीत गेली तेव्हा टेबलावर डबी नव्हती. सरांनीच कपाटात ठेवली असेल असं समजून तिनं कुलूप लावलं आणि गावी गेली. खोलीच्या किल्ल्या या दोघांकडेच. शोधाशोध झाली, कपाटं उपसली, टेबलाचे ड्रॉवर काढून झटकले. मग दीक्षाला घरी बसवलं.

दिवाळी गेली, बाजारात कापसाच्या गाड्या यायला लागल्या, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की नियमाप्रमाणे रीतसर चौकशी व्हायला हवी. चौकशी अधिकारी म्हणून इंग्रजीच्या चारुशीला मॅडमचं नाव निघालं. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच रुजू झाली होती. रिपोर्ट इंग्रजीत लागतो आणि तिची इंग्रजी चांगली, एवढंच कारण.

चिंतामणरावांनी तिला बोलावून प्रेमानं समजावलं. जुने वकील ते, शब्द मोजूनमापून वापरत. पोरगी गरीब घरची आहे, पोलिसात मी मुद्दाम गेलो नाही, तिला संशयाचा फायदा देऊन टाका, एका पानात मिटवा. चारुशीलाला मनातून बरंच वाटलं. घरी आठ महिन्यांचा अंकुर होता, तो संध्याकाळी सहाच्या पुढं आईवाचून राहत नसे. एक पान तर त्याला झोपवता झोपवता लिहून होईल.

दोन दिवसांनी, संध्याकाळी, दीक्षा तिच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याच्या बाहेरच. म्हणाली, "म्याडम, तुमी मले संशयाचा फायदा देऊन राहिल्या म्हणे. मले तो नको."

२

चारुशीलानं तिला आत बसवलं. एका हातानं पाळण्याची दोरी ओढत ती ऐकत राहिली.

दीक्षा तिचीच विद्यार्थिनी. वलगावची. इथं ऑफिसात लागली, नोकरी करता करता परीक्षा देत राहिली, आणि आता अमरावतीला एका सरकारी कचेरीत तिची निवड झाली होती. रुजू होण्याआधी जुन्या ठिकाणी विचारणा होणार होती की या मुलीवर काही चौकशी झाली का, आणि झाली तर तिचं काय झालं. त्या उत्तरावर तिची नोकरी लटकली होती.

"संशयाचा फायदा म्हणजे संशय आहेच ना," दीक्षा म्हणाली. "फायदा तेवढा मले, अन् संशय बी मलेच. तुमी वर्गात एक शब्द शिकवला होता. एक्झॉनरेट. तो लिहा."

चारुशीलाला तो तास आठवला. दोषमुक्तीचे सगळे शब्द तिनं फळ्यावर ओळीनं मांडले होते. पार्डन केलं म्हणजे गुन्हा होता, पण सोडून दिला. एक्सक्यूज केलं म्हणजे चूक होती, पण किरकोळ. अ‍ॅक्विट केलं म्हणजे कोर्टात गुन्हा शाबीत झाला नाही, पुढं लोकांनी काय समजायचं ते समजावं. आणि एक्झॉनरेट केलं म्हणजे आळ मुळातच खोटा होता, या माणसाकडे दोष कधी नव्हताच. शब्द भारदस्त आहे, घरी भांडणात कुणी वापरत नाही. तो चौकशीच्या अहवालात येतो, न्यायाधीशाच्या तोंडी येतो. आणि मुलं पेंगायला लागली तेव्हा तिनं त्याच्या जन्माची गोष्ट सांगितली होती. लॅटिनमध्ये ओनस म्हणजे ओझं. एक्झॉनरेट म्हणजे ओझं बाहेर काढणं. पूर्वी इंग्रजीत जहाजावरचा माल उतरवायलाही हा शब्द चालायचा. जहाज धक्क्याला लागलं, गोण्या उतरल्या, की ते झालं एक्झॉनरेट. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं होतं की म्हणजे आपल्या मार्केटात कापसाची गाडी खाली करतात तसं, आणि वर्ग हसला होता.

"लिहीन गं," चारुशीला म्हणाली. "पण तो शब्द माझ्या दयेनं लिहिता येत नाही. चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. तू घेतलं नाहीस एवढं म्हणून पुरत नाही. मग मेडल गेलं कुठं, ते सांगावं लागेल."

"तर मग शोधा," दीक्षा म्हणाली. हे तिनं अगदी साध्या विश्वासानं म्हटलं. अंकुर झोपला होता. एका पानाचं काम संपलं होतं, आणि खरं काम तिच्या मांडीवर येऊन बसलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी ती चिंतामणरावांच्या खोलीत गेली. खोलीत मधोमध ते सागवानी टेबल, जुनं आणि अवजड, दोन्ही बाजूंना ड्रॉवर. चिंतामणराव अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. डॉक्टरांनी बंद केलेली ही सुपारी साऱ्या कॉलेजला ठाऊक होती. चारुशीला आत येताच त्यांनी तिला बसायला सांगितलं, आणि बोलता बोलता, तिच्याकडं बघतच, डाव्या हातानं सुपारीची डबी ड्रॉवरमध्ये सरकवली.

त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. त्या संध्याकाळी एक गृहस्थ भेटायला आले, बराच वेळ बसले. ते यायच्या आधी आपण मेडल बघत होतो. ते गेल्यावर आपण निघालो. डबी टेबलावर होती, याबद्दल शंका नाही. सुट्टीभर खोली बंद होती. खोलीतून काहीही बाहेर गेलं नाही.

मग ते टेबलावर हात फिरवू लागले. फायलींच्या खाली पाहिलं, वर्तमानपत्र उचललं. "इथंच तर ठेवली होती सुपारी," ते पुटपुटले. चारुशीला गालात हसली. माणूस सुपारी लपवतो आणि स्वतःच विसरतो, याची तिला गंमत वाटली, एवढंच.

निघताना तिचा पदर टेबलाच्या कोपऱ्याला अडकला. सोडवायला वाकली तर कडेला, नक्षीच्या खोबणीत, वाळून काळपट झालेलं कुंकू दिसलं. कॉलेजातल्या टेबलाला कुंकू. दसऱ्याला टेबलाची पूजा होते हे खरं, पण ते कुंकू समोर लावतात, आणि असं ओघळून खाली येत नाही.

व्हरांड्यात शिपाई नत्थुजी भेटले, त्यांना तिनं सहज विचारलं.

"ते महालक्ष्म्यांचं," नत्थुजी म्हणाले. "टेबल जाते ना दरसाली सायबाच्या घरी. देव्या त्याच्यावरच बसतात. एवढं मजबूत टेबल अकोल्यात नाई."

कधी गेलं होतं, तर गणपतीतल्या गौरी, म्हणजे इकडच्या महालक्ष्म्या, बसायच्या आधी, सुट्टी लागली त्याच दिवशी. दीक्षानं खोली बंद केल्यावर चिंतामणरावांच्या किल्लीनं उघडून, हातगाडीवर घालून नेलं. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी परत आणून ठेवलं. ड्रॉवरला कुलूप नव्हतंच.

शोधाशोधीच्या वेळी हे सांगितलं काहून नाही, असं तिनंही त्यांच्याच बोलीत विचारलं. नत्थुजींना प्रश्नच कळला नाही. खोलीतून काय गेलं असं सगळ्यांनी विचारलं होतं, आणि खोलीतून काहीच गेलं नव्हतं. देवाचं टेबल गेलं असं कुणी म्हणतं का, साहेबही म्हणत नाहीत. ते जाते अन् येते.

चारुशीला जिन्यात थांबली. डोळ्यांसमोर डावा हात आला, बोलता बोलता डबी आत सरकवणारा. पाहुणा आला असेल. हात आपला आपण गेला असेल. डबी टेबलावर नव्हतीच, टेबलात होती. आणि टेबल निघालं होतं.

म्हणजे मेडल चोरीला गेलं असेल तर ते दीक्षाच्या हातून नाही. ते गेलं होतं फिर्याद करणाऱ्याच्याच घरात.

४

अध्यक्षांच्या घरी जाऊन तुमच्याकडे मेडल आहे का असं विचारता येत नाही. पण दुर्गाबाईंनी, चिंतामणरावांच्या पत्नीनं, दोनदा निरोप पाठवला होता की बाळ दाखवायला आणा. चारुशीला अंकुरला घेऊन गेली.

दुर्गाबाई हिरवट काळा चष्मा लावून ओसरीवर बसल्या होत्या. दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी अंकुरला मांडीवर घेतलं आणि चष्म्याच्या वरून त्याचं नाक, कान, हनुवटी न्याहाळली. म्हणाल्या, सहा महिने झाले, माणसाचं तोंड असं स्वच्छ दिसलं नव्हतं. महालक्ष्म्यांचा सगळा शृंगार यंदा त्यांनी चाचपूनच केला होता. साडी, दागिने, फुलं, सगळं. तो मान घरातल्या मोठीचाच असतो, तो सोडवत नाही.

चारुशीलानं महालक्ष्म्यांचं बोलणं लांबवलं. टेबलाचे ड्रॉवर कापूर, वाती, काड्यापेटी ठेवायला बरे पडतात, असं दुर्गाबाई म्हणाल्या. त्यात आधीचं काही होतं का, असं तिनं हलकेच विचारलं, पण तेवढ्यात अंकुरनं चष्मा ओढला आणि प्रश्न हसण्यात विरून गेला.

धाकटी सून जुईली चहा करत होती. चारुशीला मदतीला आत गेली. समवयस्क बायका, दोघींची मुलं लहान. जुईलीचं मन आपसूक मोकळं झालं. मोठी जाऊ रागिणी अमरावतीला बँकेत असते, वर्षातून महालक्ष्म्यांना तेवढी येते, आणि तेवढ्यात मिरवून जाते, असा सूर होता.

"यंदा तर सोनं वाहिलं देवीला," जुईली आवाज खाली करून म्हणाली. "चांगलं ठसठशीत. आणि एका शब्दानं बोलल्या नाहीत. आता या घराची रीतच तशी आहे, देवीला वाहिलेलं बोलून दाखवायचं नसतं. गुपचूप देव्यांपाशी ठेवायचं. पण मला तरी सांगायचं ना. मीही काहीतरी केलं असतं. आई काय म्हणत असतील मनात."

तो दागिना कुठं असतो, असं चारुशीलानं विचारलं. विसर्जनाच्या दिवशी सासूबाईंनी एकेक दागिना चाचपून ज्याचा त्याला परत दिला. हा कुणीच मागितला नाही. मग त्या म्हणाल्या, हा देवीचा, आणि मुखवट्यांसोबत बांधून गव्हाच्या कोठीत ठेवला.

चारुशीलानं चहाचा कप उचलला. एका घरातल्या दोन जावांचं साधं हेवेदाव्याचं बोलणं. यात मेडलचं काही नव्हतं. तरी ती रस्ताभर तेच घोळवत राहिली, आणि घरी येईपर्यंत तिनं ठरवलं होतं की रागिणीला भेटायचं.

५

रविवारी ती अंकुरला घेऊन माहेरी अमरावतीला गेली. रस्ताभर कापसाचे ट्रॅक्टर. मूर्तिजापूरपर्यंत अंकुर खिडकीतून उडणारे कापसाचे पुंजके बघत राहिला, पुढं झोपला. त्याला आईपाशी ठेवून ती साईनगरला रागिणीच्या फ्लॅटवर गेली.

रागिणीला सरळ सांगितलं की कॉलेजच्या चौकशीचं काम आहे. टेबल तुमच्याकडं गेलं होतं, म्हणून विचारते. रागिणी व्यवहारी बाई, मोजकं बोलणारी. ती सणाला पोचली तेव्हा टेबल मांडून झालं होतं, साड्या नेसवून झाल्या होत्या. ड्रॉवरला तिनं हातही लावला नाही. मेडल-बिडल काही पाहिलं नाही. सासरे कॉलेजचं घरी काढत नाहीत, मेडल हरवल्याचंही तिला आत्ताच कळत होतं.

चारुशीला उठायला झाली. मग राहवेना म्हणून म्हणाली, तुम्ही देवीला सोनं वाहिलंत असं ऐकलं, छान केलंत.

रागिणी बघतच राहिली.

"मी? मी कुठं वाहिलं? ते तर जुईलीनं वाहिलं."

मग तिचाही बांध फुटला. जुईलीनं माहेरच्या पैशातून केलं असणार, धाकटी असून पुढं पुढं करते, वाहिलं ते वाहिलं, पण मोठ्या जावेला सांगायची रीत नाही का. आता बोलायचं नसतं म्हणून आपणही विचारलं नाही. विचारलं तर हेवा वाटला असं झालं असतं.

"दागिना कसा होता?" चारुशीलानं विचारलं. तिच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं, इतका तो शांत होता.

"कनिष्ठेच्या, धाकट्या देवीच्या गळ्यात होता, हारांच्या खाली. सासूबाईंनी काढला तेव्हा दिसला ओझरता. गोल होता, जाड. पिवळ्या दोऱ्यात ओवलेला. वर मूर्ती होती काहीतरी. वीणा होती हातात."

चारुशीला परत खाली बसली. जुईली म्हणते रागिणीनं दिला. रागिणी म्हणते जुईलीनं. दोघींनी खोटं बोलायचं कारण नाही, दोघींना एकमेकींचा हेवा वाटला तो अगदी खरा. तर मग दागिना दोघींनीही दिला नव्हता. आणि जो कुणीच दिला नाही, तो ज्या टेबलावर देवी बसली, त्याच टेबलातून आला होता.

आता तो मुखवट्यांसोबत धान्याच्या कोठीत होता. आणि महालक्ष्म्यांची कोठी पुढच्या भाद्रपदापर्यंत कुणी उघडत नाही. दीक्षाची रुजू व्हायची मुदत याच महिन्यात संपत होती.

६

दुर्गाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, डोळे पुसले, परत लावला.

"डबी होती," त्या सावकाश म्हणाल्या. "ड्रॉवर वातींसाठी उघडला, तर हाताला लागली. मऊ मऊ, कापडाची. आत सोनं. मला वाटलं, सुनांपैकी एकीनं देवीला आणलं आणि रीतीप्रमाणं गुपचूप टेबलात ठेवलं. कोणी ते विचारायचं नसतं. मी दोरा ओवला आणि घातलं कनिष्ठेला. मला तर रडू आलं होतं गं, की पोरींना इतकं कळतं."

चारुशीलानं त्यांचा हात धरला. कुणाची चोरी नव्हती. एका म्हातारीच्या अधू नजरेनं आणि एका चांगल्या रीतीनं मिळून एक पोर चोर ठरवली होती.

कोठी उघडण्याचं मात्र दुर्गाबाईंच्या जिवावर आलं. सासूनं सांभाळलं, सासूच्या सासूनं सांभाळलं, मुखवटे एकदा गव्हात ठेवले की त्यांच्या दिवसालाच बाहेर येतात. पुढच्या भाद्रपदात आपोआप निघेलच की मेडल, असं त्या म्हणाल्या, पण म्हणतानाच अडखळल्या.

तेवढ्यात चिंतामणराव घरी आले. गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. डबी मी टेबलावरच ठेवली होती, त्यांनी ठामपणे सांगितलं, मला स्पष्ट आठवतं.

"तुमची सुपारीची डबी रोज कोण काढून देतं ड्रॉवरमधून?" दुर्गाबाई म्हणाल्या. "आणि रोज तुम्हाला स्पष्ट आठवत असतं."

चिंतामणराव खुर्चीत बसले. आतून जुईलीच्या मुलाचं गाणं ऐकू येत होतं.

मग चारुशीलानं दुर्गाबाईंना तो शब्द सांगितला. इंग्रजी म्हणून नाही, गोष्ट म्हणून सांगितला. की साता समुद्रापलीकडं बोट किनाऱ्याला लागायची, माल उतरवायचे, त्याला हा शब्द होता. मग माल गेला आणि माणसं आली, आणि खोट्या आळाचं ओझं उतरवण्याला तोच शब्द राहिला. दीक्षाला माफी नको, तिला हा शब्द हवा आहे. आणि नुसतं मेडल आहे असं मी म्हणून तो लिहिता येणार नाही. मेडल हातात हवं.

"कुणाच्या डोक्यावरचं ओझं देवीच्या गळ्यात बांधून ठेवलं मी," दुर्गाबाई म्हणाल्या. "ते तिला तरी सोसेल का." त्या उठल्या. देवघराशेजारच्या खोलीत कोठी होती, पत्र्याची, उंच. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, हात जोडून मनातल्या मनात काही बोलल्या. मग चारुशीलाला पुढं बोलावलं. "तू काढ. लेकुरवाळी आहेस, ती रागवायची नाही."

चारुशीलानं बांगड्या मागं सारल्या आणि हात गव्हात घातला. गहू गार होता. दंडापर्यंत हात गेला तेव्हा कडुलिंबाचा वाळका पाला लागला, मग फडक्यात बांधलेले दोन मुखवटे. फडक्याच्या गाठीशी आणखी एक पुरचुंडी होती. ती सोडली तेव्हा नथ ठेवलेली निळी डबी आधी निघाली, आणि तिच्याखाली, पिवळ्या दोऱ्यात, वीणा घेतलेली सरस्वती.

दारात उभ्या जुईलीनं तोंडावर हात ठेवला. "मी चार महिने वहिनींशी धड बोलले नाही," ती म्हणाली.

७

रिपोर्ट चारुशीलानं अंकुर झोपला असताना लिहिला, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात. डबी ड्रॉवरमध्ये कशी गेली, टेबल कुठं गेलं, तिथं काय समजूत झाली, सगळं. शेवटचं वाक्य तिनं तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. दीक्षा हिच्यावरचा आरोप मुळातच निराधार होता, तिच्याकडे कोणताही दोष नव्हता, आणि तिला पूर्णपणे एक्झॉनरेट करण्यात येत आहे.

चिंतामणरावांनी ते वाक्य वाचलं. वस्तू सापडली म्हणून प्रकरण बंद, एवढं पुरणार नाही का, असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं. त्या शब्दानं आरोप करणाऱ्यावर काय येतं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. चारुशीलानं पेन त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी टोपण काढलं आणि सही केली. मग म्हणाले, पोरीच्या वडिलांनाही सांगायला हवं, आणि ते मीच सांगायला हवं. तुम्ही चला बरोबर.

वलगावला दीक्षाचं घर मागच्या आळीत होतं. अंगणात तूर वाळत होती. दीक्षाचे वडील शालिकराम बाजेवर बसले होते, चिंतामणरावांना पाहून उठले, बाज त्यांना दिली आणि स्वतः उभे राहिले. दीक्षानं पाणी आणलं. रिपोर्टची प्रत तिच्या हातात होती, तिनं ते वाक्य एकदा ओठांनीच वाचलं, आवाज न करता, आणि कागद दुमडून छातीशी धरला.

चिंतामणराव बोलले. वकिली भाषा त्यांनी दाराबाहेर ठेवली होती. डबी मीच ड्रॉवरमध्ये टाकली आणि विसरलो. ती माझ्याच घरी होती. तुमच्या मुलीनं काही केलं नव्हतं, आणि मी तिचं नाव घेतलं. चूक माझी.

शालिकराम खाली मान घालून ऐकत होते. बोलणं संपलं तरी मान वर झाली नाही. चारुशीलाला वाटलं, आता ते म्हणतील, झालं गेलं विसरा. चिंतामणरावांनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी पाण्याचा पेला उचलला होता.

"सायेब," शालिकराम म्हणाले, "हे मले काहून सांगता. मले तर माहीतच होतं. माही पोरगी हाय ते." थोडं थांबून त्यांनी अंगणाच्या बाहेर, रस्त्याच्या टोकाकडं बोट दाखवलं. "तुमची माणसं आली होती ना झडती घ्याले, ते आधी चौकात थांबले. तिथं सगळ्यायले इचारलं, मेडल चोरलं ते पोरगी कुठं राहते म्हणून. तिथं सांगा."

चिंतामणरावांनी पेला खाली ठेवला. बाजेच्या कडेला हात टेकून ते उठले, काठी घेतली, आणि कुणाची वाट न बघता चौकाकडं चालू लागले. संध्याकाळची वेळ, चौकात माणसं होती. शालिकरामांनी डोक्याला गमछा बांधला आणि त्यांच्या मागं निघाले. दीक्षा कागद हातात घेऊन दारातच उभी राहिली, आणि तिथून, घराघरांच्या छपरांवरून, चिंतामणरावांचा खणखणीत कोर्टातला आवाज ऐकू यायला लागला.